चप्पल बाहेर, मागे हिमनदी

पासपोर्ट फोटोचं एक आहे. गिऱ्हाईक आठ काढून घेतं, लागतात सहा, आणि उरलेले दोन "राहू द्या, पुढच्या वेळी नेतो" म्हणून आमच्याच ड्रॉवरमध्ये पडून राहतात. पुढची वेळ काही येत नाही. अशी सुरतेच्या उधना भागातली निम्मी माणसं आमच्या ड्रॉवरमध्ये आहेत! किस्स्यांचंही तसंच. ज्याचा किस्सा तो विसरून निघून जातो, आणि सांभाळत बसायचं आम्ही. आता ड्रॉवर बंद होईना, म्हणून थोडे तुमच्यापुढे काढतो.

आमचा स्टुडिओ म्हणजे आप्पांचा स्टुडिओ. आप्पा मूळचे धुळ्याकडचे. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काम करायला सुरतेत आले, खटखटाट सहन होईना म्हणून एका फोटोग्राफरकडे लागले आणि पुढे स्वतःचंच दुकान टाकलं. त्यांची बायको नानी काउंटरवर बसते. कंगवा, पावडर, टिकल्या आणि साडीला लावायच्या पिना, हे खातं नानींचं. मी संजय. कॉम्प्युटरवरचं काम माझं, आणि बाहेरच्या ऑर्डरला कॅमेऱ्याची बॅग उचलायचं कामही माझंच.

स्टुडिओचं खरं भांडवल म्हणजे मागचा पडदा. रंगवलेला. त्यावर बर्फाचे डोंगर, मधून खाली उतरणारी पांढरी हिमनदी आणि कोपऱ्यात एक लाल छपराचं घर. पडदा भिंतीवरून खाली येऊन जमिनीवरही पसरतो, म्हणजे माणूस बर्फातच उभा आहे असं वाटावं. त्यावर पाय उमटू नयेत म्हणून आप्पांचा एक मंत्र ठरलेला. डोळा कॅमेऱ्याला लावला की तोंडातून आपोआप निघणार, "चप्पल बाहेर, हात खाली, नजर इकडे!"

त्यामुळे खानदेशातून सुरतेला आलेल्या कितीतरी जोडप्यांचे पहिले फोटो असे आहेत. मागे बर्फ, अंगावर लग्नातला शालू, आणि पाय अनवाणी!

नानींचा या पडद्यावर राग. कारण असं, की त्यांचा स्वतःचा लग्नानंतरचा फोटोही याच्यासमोरचा. त्या दिवशी नव्या नवरदेवानं ऐटीत सांगितलं होतं, "पुढचा फोटो खऱ्या बर्फासमोर काढीन तुझा." पुढे पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली. पुढचा फोटो काही झाला नाही. नानी विसरल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बायका काय वाटेल ते विसरतील, हे नाही विसरत! दुकानात कोणी पडद्याचं कौतुक केलं की काउंटरवरून आवाज यायचा, "खोटा बरफ शे तो! फसाडतस हाई लोकेसले!"

आप्पा हसायचे. पण हसताना नजर खाली असायची, हे मी पाहिलेलं आहे.

*

आता त्या खोट्या बर्फाचा प्रताप ऐका.

शिरपूरकडचं एक नवं जोडपं. मुलगा लिंबायतच्या एका लूमखात्यात कामाला. रविवारी सुट्टीला आले, फोटो काढला, आणि मुलीनं तो आईला गावी पाठवला. मे महिना. सुरतेत डांबर वितळतंय, पंख्याखाली बसलं तरी पाठ ओली.

आठवड्याभरात तो मुलगा घामाघूम होऊन दुकानात हजर. खांद्यावर भलंमोठं गाठोडं. आप्पांच्या पुढ्यात धाडकन टाकलं.

"आप्पा, हे तुमच्यामुळं!"

गाठोडं सोडलं तर आत दोन जाडजूड गोधड्या आणि एक कानटोपी! सासूबाईंनी फोटो पाहिला, लेक बर्फात अनवाणी उभी दिसली, आणि त्यांनी रात्र रडून काढली. सकाळी एसटीनं येणाऱ्या गावकऱ्याच्या हाती गोधड्या धाडल्या. वर जावयाला फोन, "एवढा बर्फ पडतो तिकडं, तर पोरीला वहाण घेऊन देता येत नाही का?"

बिचाऱ्यानं समजावलं. पण सासूबाईंचा विश्वास फोटोवर जास्त. त्यानं गोधड्या आमच्याच दुकानात टाकल्या, म्हणाला, "खोलीत ठेवायला जागा नाही. तुम्हीच वापरा."

नानींनी एक गोधडी उचलली, पडद्यावरच्या हिमनदीच्या पायथ्याशी नीट घडी करून ठेवली. म्हणाल्या, "पांघराले ठेवा तुमना बरफले. बिचाराले थंडी वाजस व्हई!"

*

दुसरी आप्पांची खासियत म्हणजे मोकळी जागा.

लूमवाल्यांच्या घरी सगळे एका वेळी कधी हजर नसतात. एक दिवसपाळीला, दुसरा रातपाळीला, तिसरा गावी कापूस वेचायला. पण फॅमिली फोटो तर सगळ्यांचा पाहिजे. मग आप्पा फोटोत त्याची जागा मोकळी सोडतात. "इथं मधला भाऊ," असं म्हणून दोघांना बाजूला सरकवतात. भाऊ सवडीनं येतो, एकटाच उभा राहतो, आणि मग त्याला त्या जागेत बसवायचं. पूर्वी हे काम कात्री आणि डिंकानं चालायचं, आता माझ्या कॉम्प्युटरवर.

एकदा अमळनेरकडचं एक मोठं कुटुंब आलं. मधला मुलगा बारडोलीच्या साखर कारखान्यात. आप्पांनी विचारलं, "अंगानं कसा आहे?" सगळे म्हणाले, "आमच्यासारखाच!" आणि ते सगळे काडीपहिलवान. आप्पांनी बेतानं जागा सोडली.

दिवाळीला मधला मुलगा आला. दारातून आत येताना आडवा झाला! साखर मानवली होती त्याला. मी त्याला त्या जागेत घालून पाहिला, तर शेजारची मावशी निम्मी त्याच्यामागे गेली.

आप्पा म्हणाले, "मावशीला थोडी अलीकडे घे."

मावशीला घेतलं तर वहिनी दबली. वहिनीला घेतलं तर पोरं. असं सरकवत सरकवत टोकाला उभे असलेले आजोबा फ्रेमच्या बाहेर! शेवटी मी युक्ती केली. आजोबांचा चेहरा सुंदर गोलात कापला आणि वर आभाळात, डोंगराच्या शिखराजवळ लावला. छान दिसत होतं.

फोटो घ्यायला आजोबा स्वतः आले. चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. आणि असा आवाज काढला की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला.

"अरे, मी जित्ता शे!"

आप्पांनी पुढच्या रविवारी सगळ्या खानदानाला पुन्हा उभं केलं. या वेळी साखरवाल्याला आधी उभा केला, आणि उरलेल्या जागेत बाकीचे.

*

आता मनसुखभाई.

साडी मार्केटमधले मोठे शेठ. आज गाडी, बंगला सगळं आहे, पण सुरुवातीला सौराष्ट्रातून आले तेव्हा उधन्यातच एका खोलीत राहायचे. त्यांच्याही लग्नाचा फोटो आमच्याच पडद्यासमोरचा. मोबाइल आल्यापासून आमच्याकडे कोण फिरकतं? आधारला लागणारे फोटो, शाळेचे फोटो, बस. पडदाही विरत चाललेला. हिमनदीला मधोमध एक फाट पडली होती, ती नानींनीच पांढऱ्या दोऱ्यानं शिवली होती. अशात एक दिवस मनसुखभाई दुकानासमोर गाडी थांबवून आत आले.

मुलीचं लग्न पुढच्या वैशाखात होतं. साडीवाले सीझनच्या खूप आधी माल भरतात, तशी त्यांनी लग्नाची तयारी वर्षभर आधी सुरू केली होती. त्यांना स्टेजच्या मागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फ पाहिजे होता. अख्खी हिमनदी! एकाच कापडावर, जोड न दिसता.

मी म्हटलं, "शेठ, नेटवर ढिगानं फोटो आहेत. एक उतरवून घेऊ."

शेठ खवळले. "नेट परथी नहि जोईए! मारा साळाना छोकराना लग्नमां जे पहाड हतो, ए ज पहाड सामेवाळा शेठना लग्नमां!" मेहुण्याच्या मुलाच्या लग्नात जो डोंगर होता, तोच डोंगर मार्केटमधल्या त्यांच्या स्पर्धकाच्या घरच्या लग्नातही होता. आता अल्बम पाहताना कळत नाही, कुठल्या लग्नात जेवलो!

मग ते आप्पांकडे वळले. आवाज एकदम मऊ. "आप्पा, माझ्या लग्नात मागे तुमचा बरफ होता. दीकरीच्या मागे पण तुमचाच पाहिजे. पण या वेळी खरा. मार्केटमधल्या आम्हा लोकांची टूर चालली आहे युरोपला. तुम्ही चला, अजून एक माणूस घ्या. फक्त एक अट. बरफ एकलो जोईए. माणस एक पण नहि!"

दोन तिकिटं! आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ काउंटरकडे वळले. "नानी, चल."

मी मनात म्हटलं, गेलं माझं तिकीट. पण खरं सांगतो, वाईट वाटलं नाही.

नानी बराच वेळ पिना डबीत भरत राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हाऊ गुडघा आठे दादर चढस नही, तठे डोंगर काय चढी? संजूले लई जा."

आप्पांनी दोनतीन दिवस मनधरणी केली. डॉक्टरांनाही विचारलं. डॉक्टरांनी नानींचीच बाजू घेतली. शेवटी आप्पा चिडून म्हणाले, "मग मी तिथं तुझी जागा मोकळी सोडतो. आल्यावर संज्या तुला बसवेल."

नानींची मान झटक्यात वर आली. "जठे मना पाय पडना नही, तठे मना फोटो कसाले? माले नका चिटकाडू!"

*

टूरमधली जेवणखाणाची गंमत सांगत नाही, ती सगळ्यांची सारखीच असते. थेट बर्फावर येतो.

आमच्या टूरमध्ये सगळे कापडवाले. हिमनदीजवळच्या गावात आम्ही पोचलो आणि पहिल्या दिवशी धुकं. हातभर पुढचं दिसेना. आप्पा कॅमेरा छातीशी धरून आभाळाकडे बघत बसलेले. त्या गावात मुक्काम दोनच दिवसांचा, त्यातला एक असा चाललेला.

आमची गाइड मुलगी म्हणाली, "वरून दिसणार नाही, पण खालून बर्फाच्या अगदी जवळ जाता येईल." सगळे निघाले. जवळ गेलो आणि पाहतो तर काय, बर्फाच्या एका मोठ्या भागावर पांढरं कापड अंथरलेलं! गाइड सांगू लागली, की उन्हाळ्यात बर्फ फार वितळतो, हिमनदी दरवर्षी मागे सरकते आहे, म्हणून तिला झाकून ठेवतात. पूर्वी ती कुठपर्यंत होती ते तिनं हात करून दाखवलं. लांब खाली, जिथं आता गवत होतं. मुलीचा आवाज कातर झाला होता.

मी मागे वळून पाहिलं. आमचा एकही माणूस बर्फ पाहत नव्हता. सगळे शेठ ओळीनं वाकून ते कापड दोन बोटांत चोळत होते!

"वणेलुं नथी. दबावेलुं छे." विणलेलं नाही, दाबून केलेलं, असा एकाचा निकाल.
"वजन सारुं छे."
"पाणी खेंचे छे के नहि, जुओ!"

एकानं तर कोपरा नाकाशी नेऊन वास घेतला. मनसुखभाई गाइडकडे गेले. तिला वाटलं, हे काही विचारणार पर्यावरणाबद्दल. ती पुढे झाली. शेठनी विचारलं, "मॅडम, मीटरका क्या भाव पडा?"

तिला माहीत नव्हतं. शेठनी तिच्याकडे फार दयेनं पाहिलं. "जेणे पण आप्युं, तमने लूंट्या छे. आपणे अरधा भावे आपी दईए! सुरत फोन करो!"

आप्पा तेवढे बाजूला एकटे उभे होते. त्या कापडाच्या कडेला, जिथं बर्फ उघडा होता, तिथं हात टेकवून. मी जवळ गेलो.

"संज्या," ते म्हणाले, "नानीनं ती गोधडी ठेवली होती बघ पडद्याशी. आपण हसलो होतो."

*

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन!

वरच्या बाजूला लाकडी फळ्यांचा सज्जा होता, तिथून सगळी हिमनदी दिसायची. काय सांगू! डोळे एका टोकाकडून निघाले की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दमतात. आपल्या तापीला पूर आलेला असावा आणि कोणीतरी "थांब" म्हणावं, आणि ती तशीच थांबावी. आप्पांचं लहानपण वरच्या तापीकाठी गेलेलं, उरलेलं आयुष्य खालच्या. ते म्हणाले, "नदी ती नदीच." एवढंच.

अशी नदी एका फोटोत मावत नाही. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, डावीकडून सुरू करायचं आणि थोडा थोडा फिरवत एकापुढे एक फोटो घ्यायचे. नंतर मी ते कॉम्प्युटरवर जोडून एक लांबलचक फोटो करणार. आप्पांनी कॅमेरा लावला आणि तिकाटण्यावरच्या खुणांवर नजर ठेवून एकेक फोटो घेत गेले. मी बाजूनं उन्हावर नजर ठेवून, ढग आला तर सांगायला. दोघांचंही लक्ष आपापल्या कामात.

संध्याकाळी हॉटेलवर फोटो जोडून पाहू, असं ठरलं होतं. पण मला राहवेना, तिथंच लॅपटॉपवर भरभर जोडून पाहिला. आणि कपाळावर हात मारला!

सज्ज्याच्या कठड्याला टेकून, डाव्या टोकाला मनसुखभाई. थोडं पुढे, मनसुखभाई. त्यापुढे पुन्हा मनसुखभाई! शेठनी काय केलं होतं, प्रत्येक वेळी कॅमेरा फिरला की ते धावत जाऊन त्याच्यासमोर उभे राहत होते. त्यांना वाटलं, प्रत्येक फोटो वेगळा. एकातही आपण नसलो तर? अट त्यांचीच, आणि मोडली त्यांनीच!

एका हिमनदीवर सहा मनसुखभाई. पहिल्यात ताजेतवाने, सहाव्यात धापा टाकणारे!

आप्पा भडकतील असं वाटलं. पण शेठनी फोटो पाहिला आणि आनंदानं टाळी वाजवली. "वाह! भाडुं एकनुं, ने माणस छ!" भाडं एकाचं, आणि माणसं सहा!

हा फोटो आज त्यांच्या दुकानात, गादीच्या मागे लावलेला आहे. व्यापारी आला की शेठ त्याला विचारतात, "बोल, यातला मी कोणता?"

*

पुन्हा घ्यायचं ठरलं. पण शेठचा नमुना पाहून सगळ्या टूरलाच फोटोत यायची हौस आली. आप्पा म्हणाले, आधी यांचा एक ग्रुप फोटो काढून टाकू, म्हणजे शांत होतील.

सगळ्यांना सज्ज्यावर उभं केलं. शेठ, शेठाण्या, सासवा, मुलं. मागे अख्खी हिमनदी. आप्पांनी डोळा कॅमेऱ्याला लावला. आणि आयुष्यभराची सवय! तोंडातून खणखणीत निघालं, "चप्पल बाहेर, हात खाली, नजर इकडे!"

मी ओरडणार होतो, की आप्पा, इथं पडदा नाही. पण त्याआधीच मनसुखभाई वाकून बुटाची नाडी सोडायला लागले! त्यांच्या लग्नाच्या दिवसापासूनची सवय ती. शेठनी बूट काढले म्हटल्यावर शेठाण्यांनी काढले. एक सासूबाई म्हणाल्या, "काईक पवित्र जग्या हशे," आणि हात जोडले. बघता बघता सगळी टूर अनवाणी, बूट कडेला ओळीत!

फोटो झाला. मी हसून हसून खाली बसलो. तेवढ्यात मागून एक गोरं जोडपं आलं. त्यांनी बुटांची रांग पाहिली, एकमेकांकडे पाहिलं, आणि गुपचूप आपलेही बूट काढून रांगेत ठेवले. त्यांच्यामागून आलेल्यांनीही काढले. पाटी नाही, काही नाही!

आमची मंडळी बूट घालून चहा प्यायला गेली तरी रांग होतीच. मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, तुमचं देऊळ झालं इथं."

*

आता सज्जा मोकळा होता. मंडळी चहाला, ऊन छान. आप्पांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. एकदम स्वच्छ. माणूस नाही, काणूस नाही. शेठला पाहिजे होतं तसं.

काम संपलं. मी आवरायला लागलो तर आप्पा म्हणाले, "थांब. डावीकडचा आणखी एक घे. हा तू घे."

असं म्हणून ते सज्ज्याच्या डाव्या टोकाला, जिथं फळ्या संपून खरा बर्फ लागत होता, तिथं गेले. वाकून बूट काढले, मोजे काढले आणि बर्फावर उभे राहिले. अंगावर नेहमीचा पांढरा शर्ट. फोटोग्राफर माणूस, त्याला कधी कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. हात कुठं ठेवावे तेही समजत नव्हतं. मग ते थोडे डावीकडे सरकले. उजव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी राहिली.

मला भरून आलं, सांगायला लाज कसली! पण कोणीतरी मंत्र म्हणायला पाहिजे होता. मी म्हटला, जितका मोठ्यानं येईल तितका.

"हात खाली! नजर इकडे!"

चप्पल त्यांनी आधीच काढली होती.

परत आलो. नानींना मी तो फोटो दाखवला. त्यांनी आप्पांचे पाय पाहिले आणि आधी त्यांना फाडफाड बोलल्या. मग मी हळूच विचारलं, "नानी, बसवू का तुम्हाला? पाच मिनिटांचं काम."

"एकदा सांगं ना, नही!"

तो फोटो तसाच राहिला, मोठ्या फोटोच्या डाव्या टोकाला चिकटलेला. शेठला पाठवताना तेवढा भाग कापायचा होता. पण शेठच्या प्रिंटिंगवाल्याचा निरोप आला, "कापू नका, आहे तेवढा पूर्ण पाठवा. कापड दोन्ही बाजूंनी खांबामागे दुमडावं लागतं. जास्तीचं दुमडण्यात जाईल." मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "जाऊ दे दुमडण्यात. कोणाला दिसणार आहे?"

*

लग्न चलथाणच्या रस्त्यावरच्या एका नव्या हॉलमध्ये. वैशाखातली दुपार. आत एसी होता, पण पाहुणे आल्याशिवाय लावायचा नाही, असा शेठचा हुकूम. आम्ही सगळे घामानं निथळत होतो. नानींनाही शेठनी खास गाडी पाठवून बोलावलं होतं.

स्टेजमागे हिमनदी लागली. काय दिसत होती! मांडववाले कामगार काम सोडून बघत उभे राहिले. एवढ्यात मनसुखभाई आले, पाच पावलं मागे गेले, डोळे बारीक केले आणि ओरडले, "सळ छे!"

डाव्या खांबाजवळ कापडाला बारीकशी सुरकुती होती. आम्हाला कोणालाच दिसली नसती. पण कापडवाल्याच्या घरचं लग्न, आणि कापडाला सळ? मांडववाला म्हणाला, "साहेब, पाहुण्यांना नाही दिसणार." शेठ ऐकेनात. कोट काढला, स्वतः शिडीवर चढले, खांबामागे हात घातला आणि दुमडलेलं कापड खस्सकन बाहेर ओढलं!

सळ गेली. आणि तिच्या जागी आप्पा आले.

पुरुषभर उंचीचे. पांढरा शर्ट, अनवाणी पाय नेमके स्टेजच्या फळीला टेकलेले. शेजारी मोकळी जागा.

शेठ शिडीवर, हातात कापड. त्यांनी कापडावरच्या आप्पांकडे पाहिलं, मग खाली उभ्या असलेल्या आप्पांकडे.

"आप्पा! माणस एक पण नहि, कह्युं हतुं ने?"

आप्पांचा चेहरा उतरला. नवरी यायला थोडाच वेळ होता. ते चाचरत म्हणाले, "शेठ, चुकलं माझं. कात्री आणा, मी तेवढा भाग..."

"कात्री?" शेठ शिडीवरूनच गरजले. "आखा तागाने कातर लगाडशो?"

तेवढ्यात नानी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत त्या स्टेजजवळ आल्या. मी हात दिला, एक पायरी, दुसरी पायरी. कापडावरच्या आप्पांपुढे थांबल्या. त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग बाजूच्या मोकळ्या जागेकडे.

शेठ शिडीवरून खाली उतरले. बाजूला झाले.

नानी वळल्या आणि त्या जागेत उभ्या राहिल्या. बरोब्बर मावल्या.

कॅमेरा आप्पांच्या गळ्यातच होता. त्यांनी तो उचलला, डोळा लावला. मी मागून तिकाटणं पुढे केलं. आप्पांनी मंत्र सुरू केला.

"चप्पल बाहेर..."

"काढी टाक्यात मघाशीच," नानी म्हणाल्या. कपाळावरून घाम वाहत होता. त्यांनी पदर दोन्ही कानांवरून ओढून गळ्याशी घट्ट धरला. "आते लवकर काढा. थंडी वाजी ऱ्हायनी!"